डब्यातल्या तेवीस कॅसेटी : कामाच्या नोंदी

१२ मे २०२४

अमेरिकन रॉक बँडांचा ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी गेला. ७ तारखेला, शिकागोत, हार्ट अटॅकनं, वय ६१. बातमी वाचून दोन-चार दिवस नुसता चुळबुळत होतो. आज शेवटी माळ्यावर चढलो आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत दादाच्या कॅसेटी. मोजल्या, तेवीस भरल्या.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. १९९२ मध्ये एमएस करायला एव्हन्स्टनला गेला. शिकागोला लागूनच, मिशिगन तळ्याच्या काठावर. रात्री कॉम्प्युटर लॅबमध्ये ड्यूटी आणि कानात युनिव्हर्सिटीचं रेडिओ स्टेशन, डब्ल्यूएनयूआर, ८९.३. रूममेटकडे रेकॉर्ड प्लेअर आणि छोट्या छोट्या कंपन्यांच्या तबकड्यांची रास. दादा त्या नव्वद मिनिटांच्या क्रोम कॅसेटींवर उतरवायचा आणि मिरज-सांगलीकडे येणारं कुणी भेटलं की त्याच्या बॅगेत कोंबायचा. मी तेव्हा अकरावीत. त्या दशकातला अमेरिकन रॉक म्हटलं की लोकांच्या तोंडी निर्वाणा येतं. मला आधी या डब्यातली मंडळी आठवतात. आमच्या वर्गात त्यांची नावं घ्यायची सोय नव्हती.

काम ठरवलं ते असं : तेवीसही कॅसेटी दिवाळीपर्यंत संगणकावर घ्यायच्या. यातले बहुतेक आल्बम आज विकत मिळतात, त्यामुळे मी आल्बम वाचवतोय वगैरे काही नाही. मला या प्रती हव्यात. आणि एक नियम : आधी टेप ऐकायची, नोंद करायची, मगच मूळ आल्बमशी ताळा. नाहीतर कान आधीच ठरवून बसतो.

२० मे

कॅसेट डेक उघडला. तीन हेडचा, सेकंडहँड, सहा वर्षं कपाटात पडून. आतल्या पट्ट्याचं डांबर झालंय, अक्षरशः. बोटाला लागलं ते रॉकेलनंही निघेना. नवा पट्टा पुण्याहून मागवला.

२ जून

पट्टा बसला. हेड, कॅप्स्टन, पिंच रोलर (टेप वाचणारा आणि ओढणारे भाग) स्पिरिटनं पुसले, कापूस तीनदा काळा झाला. सहा कॅसेटींच्या रिळांच्या कडेला पांढरी बुरशी. दोघींच्या आतली स्पंजची पट्टी गळून पडलेली. टेप हेडला टेकवून धरते ती. जुन्या, वाया गेलेल्या भक्तिगीतांच्या कॅसेटीतून काढून बसवली. (आई, वाचत असशील तर : ती आधीच तुटलेली होती.)

सेटिंग : २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू दीड जीबीच्या थोडी वर जाते. डिस्क पुरेल.

प्रत्येक कॅसेटीला हेडचा तिरपेपणा नव्यानं जुळवावा लागणार. स्पीकर मोनोवर टाकायचा, छोट्या पेचकसानं हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि झांजा मोकळ्या झाल्या की थांबायचं. डॉल्बी (टेपची हिस, म्हणजे सूं आवाज, दाबणारी सोय) लावून भरलेल्या कॅसेटीत हे जमलं नाही तर पुढचं सगळंच बिघडतं. वरचे सूर आधीच दबलेले असले की डॉल्बी त्यांना हिस समजून आणखी दाबतं.

९ जून

कॅसेट १. बाजू अ, स्लिंट, ‘स्पायडरलँड’. लेबलवर दादाच्या अक्षरात, देवनागरीत : ‘आवाज वाढवू नकोस, नंतर पस्तावशील.’

लुईव्हिल, केंटकीची चार पोरं. आधीचा आल्बम अल्बिनीनंच रेकॉर्ड केला होता. हा ब्रायन पॉल्सननं केला, ऑगस्ट १९९० मध्ये, शिकागोत, चार दिवसांत. मार्च १९९१ मध्ये टच अँड गो कंपनीनं काढला तेव्हा बँड मोडलेला होता. वाजवायला कुणी नाही, गावोगाव फिरून विकायला कुणी नाही. कव्हरवर खाणीच्या पाण्यात मानेपर्यंत बुडालेले चार चेहरे. मागच्या बाजूला मजकूर, की गाणाऱ्या मुलींनी इच्छा असल्यास या पत्त्यावर लिहावं. आल्बम बाजारात आणि पत्र वाचायला बँडच नाही. त्या काळात अल्बिनीनं मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात परीक्षण लिहून दहापैकी दहा तारे दिले, मध्ये एक शिवी घालून. तरी खप जेमतेमच. नंतर दहा वर्षांनी जो तो म्हणायला लागला की आम्ही यांच्याकडूनच शिकलो.

लेबलवरच्या इशाऱ्याचं कारण आज कळलं. सुरुवातीला गिटार इतकी हळू की मीटरचा काटा हलत नाही. पोरगा गात नाही, बोलतो, तेही शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं. एका गाण्यात तर ड्रम्सच नाहीत, दोन गिटारी आणि पुटपुट. माणूस आवाज वाढवतो. मग शेवटचं ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’ येतं, सात मिनिटं दाबून धरतं आणि संपता संपता गळा फाडून ओरडतं. दादानं भरताना पातळी सुरुवातीच्या हिशेबानं लावली असणार. शेवटच्या ओरडण्याशी टेप भरून वाहिलीय, आवाज चुरचुरतो. तबकडीवर तो चुरचुराट नाही. म्हणजे पस्तावला तो स्वतः, आणि लेबल लिहून मला सावध केलं!

साडेएकोणचाळीस मिनिटांचा आल्बम, नव्वदच्या कॅसेटीच्या एका बाजूला पाचेक मिनिटं उरतात. ती दादानं कोडाइन या न्यूयॉर्कच्या बँडचं एक गाणं घालून भरलीत. ‘फ्रिजिड स्टार्स’ मधलं. निर्वाणाचा पहिला आल्बम काढणाऱ्या सब पॉपनंच १९९१ मध्ये अमेरिकेत आणलेलं, पण इतकं संथ की दोन ठोक्यांमध्ये माणूस चहा गाळून येईल. मी वर्षानुवर्षं ते स्लिंटचं सातवं गाणं समजत होतो. त्या आरड्याओरड्यानंतर ते असं थकून येतं की दुसरं काही तिथं शोभलंच नसतं. फाइल कापताना तिथं कात्री लावली नाही.

एक खटकतंय. माझी फाइल, कोडाइन वगळून, ३८ मिनिटं ५५ सेकंदांची झाली. अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं कुठं? गाण्यांमधल्या फटी दादानं खाल्ल्या असतील.

(या आल्बमच्या सीडीवर छापलं होतं की हे ध्वनिमुद्रण तबकडीवर ऐकण्यासाठी आहे. मी ते तबकडीवरून कॅसेटीवर, कॅसेटीवरून संगणकावर. माफ करा.)

२३ जून

कॅसेट ४. रोडन, ‘रस्टी’, १९९४. पुन्हा लुईव्हिल. दादानं लिहिलंय ‘रोडन’, मी तेव्हा शिल्पकार रोदाँ वाचला आणि कॉलेजात एका मुलीला तसं ऐटीत सांगितलंही.

सहा गाणी. पहिलं सात मिनिटांचं, शब्दच नाहीत; संध्याकाळी तळ्यावर उभं राहिल्यासारखं. दुसरं सुरू झालं की तळं-बिळं विसरा. बारा मिनिटांच्या आसपासचं एक आहे, ‘द एव्हरीडे वर्ल्ड ऑफ बॉडीज’. ते माझ्या मते त्या दशकातल्या पाच उत्तम रॉक गाण्यांत बसतं, आणि मिरजेत मी एकटाच असं म्हणणारा असल्यानं वाद घालायला कुणी नाही. मुद्रण बॉब वेस्टनचं, म्हणजे अल्बिनीच्या शेलॅक बँडचा बेस वाजवणारा.

हा यांचा एकुलता एक आल्बम. वर्षभरात बँड संपला. जेसन नोबल रेचल्समध्ये गेला, जेफ म्युलर जून ऑफ ४४ मध्ये, तारा जेन ओ’नील सोनोरा पाइनमध्ये. एका बँडची माणसं तीन बँडांत. नोबल २०१२ मध्ये कॅन्सरनं गेला.

हे सगळं ज्या कंपनीच्या आसऱ्यानं चाललं त्या टच अँड गोचा मालक कॉरी रस्क बँडांशी कागद करत नसे. हातात हात, खर्च वजा जाता नफा अर्धा-अर्धा. मोठ्या कंपनीत बँडला रुपयातले आणे मिळत, इथं निम्मा. फक्त एकूण रुपयेच कमी. २००९ मध्ये त्यांनी इतर छोट्या कंपन्यांचा माल बाजारात पोचवणं थांबवलं आणि तो एक मोठा आधार गेला.

फाइल पुन्हा अपेक्षेपेक्षा थोडी छोटी. नोंद करून ठेवतो.

७ जुलै

कॅसेट ७, आणि अडकलो.

पोल्व्हो. चॅपल हिल, नॉर्थ कॅरोलायना. ‘टुडेज ॲक्टिव्ह लाइफस्टाइल्स’, १९९३, मर्ज रेकॉर्ड्स, मुद्रण पुन्हा वेस्टनचं. या बँडची ख्याती अशी की यांच्या गिटारी बेसूर असतात. एक तार चढलेली, दुसरी उतरलेली, आणि दोन्ही गिटारवाले दोन वेगळ्या गावांना निघाल्यासारखे.

आता मला सांगा, टेप वेगानं फिरतेय की मंद, हे यात ओळखायचं कसं? रोडनची कॅसेट असती तर सूर धरून अंदाज घेतला असता. इथं धरायला सूरच नाही. दुपारभर मोटरचा स्क्रू इकडे-तिकडे फिरवला. प्रत्येक वेगाला तितकंच चुकीचं वाटतं. बायको म्हणाली, हे जे काय आहे ते दार लावून कर.

१४ जुलै

शेजारचे काका तंबोरे बनवतात, वडिलोपार्जित. त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेलो. ते घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) कानस धरून जवारी काढत होते. म्हटलं, काका, एक चीज ऐका आणि सांगा, वाद्य बिघडलंय की टेप.

त्यांनी कानस खाली ठेवली नाही. दोन मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, “परत लाव.” परत लावलं. “अजून एकदा, तेवढाच तुकडा.”

“तार उतरलीय काय?” मी विचारलं.

“उतरली न्हाई, उतरवलीय. बघ की, दर खेपेला तिथंच येऊन बसतीया. चुकून झालं असतं तर फिरली असती. आज इथं, उद्या तिथं.”

“आणि टेप?”

“टेप डुलत न्हाई. डुलली असती तर सगळंच डुललं असतं. आता अख्खंच वर चढलंय का खाली, ते मला कसं कळणार बाबा? षड्ज कुठला त्यांचा, ते ठाऊक पाहिजे.”

मग तार छेडून बघितली, मान हलवली आणि पुन्हा घासायला लागले. त्यांच्या त्या घासण्यानं तारेला जी झिणझिण येते ती परक्या माणसाला बिघाडच वाटेल.

घरी आलो. म्हणजे वेग कमी-जास्त होत नाहीये, पण एकसारखा चुकलेला असू शकतो. षड्ज पाहिजे.

२१ जुलै

षड्ज सापडला. विजेच्या तारेत!

झालं असं. कॅसेट ७ च्या सुरुवातीला दादानं रेकॉर्डचं बटण आधी दाबलंय आणि सुई नंतर ठेवलीय. मधली अकरा सेकंदं काहीच नाही, नुसती घरघर. तो तुकडा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन कंपनांचा आलेख काढला. एक सुळका बरोबर ५० हर्ट्‌झला : तो आमचा, माझ्या डेकचा, महावितरणचा. त्याच्या शेजारी दुसरा, ६०.९ ला. आणि त्याचा दुप्पट, १२१.८ ला.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची. एव्हन्स्टनच्या त्या खोलीतल्या भिंतीतली घरघर त्या रात्री टेपवर उमटली, ती ६० चीच असणार, तिथली वीज हलत नाही. माझ्याकडे ती ६०.९ वाजतेय. म्हणजे मी दीड टक्का जास्त वेगानं ऐकतोय. भरणारा डेक मंद होता. दीड टक्का म्हणजे सुमारे पाव अर्धस्वर, एखाद्या श्रुतीएवढं. काकांना उद्या सांगतो.

फाइलचा वेग दीड टक्का उतरवला. मग नियमाप्रमाणे आल्बम विकत घेऊन ताळा केला : बरोबर जुळला. गिटारी तशाच बेसूर. तशाच सुरात, म्हणायला पाहिजे.

मग झटका बसला आणि कॅसेट १ उघडली. तिथंही, दोन गाण्यांमधल्या फटीत, ६०.९. कॅसेट ४, तेच. सगळ्या एकाच डेकवर भरलेल्या. ३८ मिनिटं ५५ सेकंदांत दीड टक्का मिळवला तर साडेएकोणचाळीस. दादानं फटी खाल्ल्याच नव्हत्या.

म्हणजे तीस वर्षं माझ्या डोक्यातलं स्लिंट, रोडन, सगळं एक श्रुती वर होतं. २००५ च्या सुमारास ‘स्पायडरलँड’ ची सीडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं होतं की ही मंडळी सीडीवर जरा दमल्यासारखी वाजवतात. तेव्हा दोष सीडीला दिला होता.

२८ जुलै

कृष्णेचं पाणी वाढतंय, सांगलीचे नातेवाईक येतील कदाचित. डबा आणि डिस्क वरच्या मजल्यावर हलवल्या. काम बंद.

११ ऑगस्ट

कॅसेट ११. गाइडेड बाय व्हॉइसेस, ‘बी थाउजंड’, १९९४. हा आता दुर्लक्षित म्हणवत नाही, पण डब्यात आहे. डेटन, ओहायो. गाणारा रॉबर्ट पोलार्ड शाळेत मास्तर होता. घरांच्या तळघरांत, चार ट्रॅकच्या मशीनवर भरलेली वीस गाणी, सगळी मिळून ३६ मिनिटं.

पहिल्याच गाण्यात मध्येच एक गिटार गायब. टेपवरचा थर उडाला असं वाटून हेड पुन्हा पुसलं, स्क्रू पुन्हा फिरवला, तीनदा वाजवलं. तिन्ही वेळा त्याच जागी. टेपवर डाग शोधायला भिंगसुद्धा घेऊन बसलो. रात्री दहाला डोक्यात प्रकाश पडला : थर उडाला असता तर गाण्याचा आवाजही गेला असता. गिटारच तेवढी कशी जाईल?

ताळा केला. मूळ आल्बमवरच ती तशी गळते. त्यांच्या मुद्रणात गळली, त्यांनी ठेवून दिली. कॅसेटीवर डाग नाही. संध्याकाळ गेली. काकांनी एका मिनिटात सांगितलं असतं : दर खेपेला तिथंच.

१८ सप्टेंबर

गणपतीत काहीही झालं नाही. काल सकाळपासून विसर्जनाच्या मिरवणुका, आज दुपार झाली तरी चालूच. खिडकीच्या काचा अजून थरथरताहेत. दादाला फोन केला, तो आता न्यू जर्सीत.

“दादा, तुझा डेक दीड टक्का मंद होता.”

“माझा नव्हता, रूममेटचा होता.”

“अरे, तीस वर्षं मी सगळं वरच्या पट्टीत ऐकलं.”

“मग आता खाली ये.”

२९ सप्टेंबर

कॅसेट १७ ते २२ सिॲटलहून आलेल्या. दादा १९९७ मध्ये नोकरीला तिकडे गेला. इथं घरघर बरोबर ६० ला. नवा डेक, स्वतःचा. बहुतेक भराभर उरकल्या.

फक्त २१ वर थांबलो. डस्टर, ‘स्ट्रॅटोस्फिअर’, १९९८. बँड सॅन होजेचा, कंपनी सिॲटलची, अप रेकॉर्ड्स. सगळा आल्बम धुक्यातून वाजतो. ड्रम्स गादीवर ठेवलेत की काय, आणि मागे सतत सूं. माझ्या टेपची सूं त्यात मिसळलेली. म्हटलं, निदान आपली तेवढी काढू. आवाज कमी करण्याचं फिल्टर लावलं, हलकंसं. टेपची सूं गेली, आणि तिच्याबरोबर खोली गेली. गिटार टाइल्सवर ठेवल्यासारखी कोरडी. जोर कमी-जास्त करून चार प्रयत्न केले. कुठली सूं कुणाची, हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही, मलाही नाही. फाइल मूळ अवस्थेत परत आणली आणि नोंदीत लिहिलं : हात लावलेला नाही.

भाची पुण्याहून आलीय, एकोणीस वर्षांची. दारातून ऐकून म्हणाली, “मामा, तू डस्टर ऐकतोस?” मला वाटलं चेष्टा. तर तिला चार गाणी पाठ. रील्सवर चालतात म्हणे. २००० नंतर हा बँड जवळजवळ दोन दशकं गप्प होता. न्यूमेरो ग्रुप या शिकागोच्या कंपनीनं २०१९ मध्ये सगळं एकत्र पेटीत काढलं, त्याच वर्षी बँडनं नवा आल्बमही केला, आणि ज्यांचा जन्म या आल्बमनंतरचा त्या पोरांनी उचलून धरलं. मी तिला कॅसेट दाखवली. तिनं फोटो काढला, मग विचारलं, “ही कुठून सुरू होते?”

१३ ऑक्टोबर

राहिलेल्या उरकल्या. तीन प्रती : एक घरी, एक बँकेच्या लॉकरात, एक दादाला. नेटवर कुठंही टाकणार नाही. जे आल्बम मिळतात ते एकेक करून विकत घेतोय.

२७ ऑक्टोबर

उरली कॅसेट १९. लेबल नाही, अक्षर नाही. सिॲटलच्या गठ्ठ्यात होती म्हणून शेवटी ठेवली.

चार माणसांचा बँड, इंग्रजीत गातोय, गिटार कर्कश, ड्रमर मात्र खणखणीत. मैफल उघड्यावरची, गर्दी, शिट्ट्या. दुसऱ्या गाण्यानंतर कुणीतरी माइकच्या अगदी जवळून ओरडतं, “ए, खाली बस ना भाऊ!” सिॲटल नव्हे.

दादाला तुकडा पाठवला. म्हणाला, जायच्या आधी मुंबईत रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक या मैफलीला जायचो, धोबीतलावला, वॉकमन लपवून न्यायचो. त्यातलीच एखादी असेल. कुठला बँड? आठवत नाही. तिथं दिवसभरात कितीतरी बँड वाजवून जायचे. गाण्यांचे शब्द शोधले, काही सापडत नाही. भाचीच्या फोनलाही ओळखता आलं नाही.

निदान वेग तरी लावू म्हणून आलेख काढला. स्पीकरांची घरघर टेपवर आहे, माझ्या ५० च्या सुळक्याच्या डावीकडे, ४८.९ ला. पण याचा उपयोग नाही. त्या काळी आपल्याकडची वीज स्वतःच ५० वर टिकत नव्हती, भार वाढला की खाली यायची. वॉकमन चुकला की त्या संध्याकाळची वीज, सांगता येत नाही.

कॅसेट १९. बाजू अ, ३१ मिनिटं. बाजू ब कोरी. हेड जुळवलं. वेग : टेपवर आहे तसा. बँड : माहीत नाही. पाच गाणी, सहावं टेप संपल्यामुळे अर्धं.